भाऊजी आणि ओकासानची बर्फगाडी

होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत सगळा जपान पालथा घातला, तरी टाकून दिलेल्या वस्तूची मनापासून दया येणारा माणूस एकच सापडेल, आणि तो आमच्या यांचा मामेभाऊ निघेल. मी त्यांना भाऊजी म्हणते. फुनाबोरीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत तीस वर्षं आहेत, अंगाने काठी, आणि थंडी असो वा नसो, सप्टेंबर लागला की डोक्यावर कानटोपी. इथे मोठी वस्तू टाकायची म्हणजे एक संस्कारच असतो. आधी नोंदणी करायची, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठी आणून त्या वस्तूवर चिकटवायची आणि ठरल्या दिवशी सकाळी आठच्या आत ती खाली नेऊन ठेवायची. एकदा खाली ठेवली की तिला हात लावणं म्हणजे चोरी. भाऊजी कायदा काटेकोर पाळतात, म्हणून ते वस्तू खाली पोचायच्या आधीच मालकाला लिफ्टमध्ये गाठतात. एकदा पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा पंखा घेऊन निघाले होते. भाऊजींनी कमरेत वाकून त्यांना विचारलं, "टाकण्याआधी मी यांच्याशी जरा बोलून पाहू का?" आजोबा इतके घाबरले की त्यांनी पंखा तर दिलाच, वर हातातली छत्रीही दिली. आठवड्याने भाऊजी तो पंखा गरगर फिरवून त्यांच्या दारात हजर! तोवर आजोबांनी नवा आणलेला. आता त्या दोन खोल्यांत दोन पंखे आहेत. भाऊजी वस्तू ठेवून घेत नाहीत हो, दुरुस्त करून परत देतात, हीच तर खरी पंचाईत. त्या इमारतीतले लोक हल्ली टाकायच्या वस्तू चादरीत गुंडाळून जिन्याने नेतात.

आम्ही निशी-कसाईला राहतो, सायकलने पंधरा मिनिटांवर. शनिवारी दुपारी भाऊजी आणि जाऊबाई आमच्याकडे जेवायला असतात. भाऊजी दारात बूट काढता काढता थांबतात, मान तिरकी करतात आणि कान टवकारतात. शर्टाच्या खिशात पेन असावं तसा त्यांच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर असतो. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एकदा असंच आमच्या फ्रिजला कान लावून म्हणाले, "मीनल, यांना दम लागलाय गं." झालं! पाच मिनिटांत फ्रिज भिंतीपासून पुढे, मागची पत्र्याची पाटी जमिनीवर, आमटी गॅसवर आणि श्रीखंड शेजारणीच्या फ्रिजमध्ये. मी चिडून म्हटलं, "भाऊजी, मी तुम्हाला जेवायला बोलावलंय, दुरुस्तीला नाही." तर म्हणतात, "अगं, जेवतोच आहे. हा डावा हात रिकामाच आहे की." त्यानंतर फ्रिजने चार वर्षं तक्रार केली नाही हे खरं, पण शेजारणीने श्रीखंड संपवलं हेही तितकंच खरं.

माणसांना भाऊजी सरसकट अरे-तुरे करतात आणि यंत्रांना अहो-जाहो. "या, या, जरा पुढे सरका," हे ते वॉशिंग मशीनला म्हणतात. त्यांचं सगळं यंत्रज्ञान पुण्यातल्या वडिलांच्या स्कूटरवर सुरू झालं, आणि मला विचाराल तर तिथेच राहिलं. ती स्कूटर सकाळी सुरू होईना की वडील तिला एका अंगावर तिरकी करायचे, पाच आकडे मोजायचे, सरळ करून लाथ मारायचे, आणि ती सुरू व्हायची. तेव्हापासून जगातलं कुठलंही यंत्र अडलं की आधी ते तिरकं करायचं, हा भाऊजींचा सिद्धांत. आमच्या यांच्या ऑफिसातला प्रिंटर त्यांनी तिरका केलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. सगळी शाई एका मॅनेजर-सानच्या पांढऱ्या शर्टावर गेली. प्रिंटर मात्र सुरू झाला, हे सांगायला भाऊजी अजून विसरत नाहीत.

अशा माणसाशी संसार करायला जाऊबाईच हव्यात. त्या जन्माने जपानी, पण लग्नानंतर वर्षभर पुण्यात सासूबाईंच्या हाताखाली राहून मराठी शिकल्या, त्यामुळे भाषेबरोबर सासूबाईंचा स्वभावही उचलला गेला. जपानीत त्या इतक्या मऊ बोलतात की ऐकू येत नाही. मराठीत तोंड उघडलं की समोरचा पाटावर ताठ बसतो. एका पाहुण्याने "अजून थोडा चहा मिळेल का?" असं विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही. झालेला आहे." भाऊजींनी घरी आणलेल्या सगळ्या भंगारावर त्यांचं एकच वाक्य असतं, "मी काही बोलणार नाही." आणि खरंच बोलत नाहीत, पण ते न बोलणं अख्ख्या घरभर ऐकू येतं.

या जाऊबाईंची आई नीगाताच्या डोंगरात एकटी राहायची. आम्ही सगळे त्यांना ओकासानच म्हणतो, म्हणजे आई. वय ब्याऐंशी, उंची माझ्या खांद्याइतकी, पाठीला बाक, आणि हट्ट सरळसोट. त्यांचं घर वाडीतलं सगळ्यात वरचं. हिवाळ्यात तिथे माणूस बुडेल एवढा बर्फ पडतो, आणि बर्फ काढणारं यंत्र खालच्या फाट्यावरूनच मागे वळतं. फाट्यापासून घरापर्यंतची चढण मग मार्चपर्यंत बंद. भाऊजींचे सासरे होते तोवर त्यांची पिवळी बर्फगाडी होती. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये दोघांना बसायची लांब सीट. तिच्यावरून ते वर-खाली करायचे. ते गेल्यावर ती गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली जी गेली ती गेलीच, आणि ओकासान बर्फात पाय रुतू नयेत म्हणून पायाला वेताच्या चौकटी बांधून चालत वर-खाली करू लागल्या. गेल्या हिवाळ्यात त्या चढणीवर पडल्या. फार लागलं नाही, पण उठता येईना. बऱ्याच वेळाने खालच्या घरातल्या माणसाला बर्फात निळी टोपी दिसली म्हणून तो धावला.

मग उन्हाळ्यात ओकासानच्या घरी कुटुंबाची बैठक बसली. जाऊबाईंचा थोरला भाऊ तिथल्याच शहरात सरकारी नोकरीत आहे, सगळं कागदावर मांडून बोलणारा. त्याने शहरातल्या वृद्धनिवासाचा अर्ज टेबलावर ठेवला. एक खोली डिसेंबरपासून रिकामी होणार होती. तो म्हणाला, "हिवाळ्यात वर-खाली करायची खात्रीची सोय नसेल, तर आईने पहिला मोठा बर्फ पडायच्या आत शहरात राहायला यायचं." ओकासाननी अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "माझं घर आहे. मी घरात राहीन." जाऊबाई खाली मान घालून बसल्या. आईला एकटीला ठेवणं जिवावर येत होतं, आणि आईचं घर सोडवणंही जिवावर येत होतं. तेवढ्यात एवढा वेळ शेडमध्ये गायब असलेले भाऊजी दारात उगवले. केसांत कोळ्याची जाळी, हात काळे, चेहऱ्यावर मुलगी पसंत पडल्याचा आनंद. "सोय आहे," ते म्हणाले. "त्या नुसत्या झोपल्यात."

भाऊजींच्या या मेव्हण्याने मुदत दिली, पहिल्या मोठ्या बर्फापर्यंत. आणि आमचे सगळ्यांचे शनिवार त्या पिवळ्या बाईंनी गिळले.

गाडीचा सांगाडा राहिला नीगातात, पण इंजिन आलं फुनाबोरीला, भाड्याच्या गाडीतून, खाली तीन गाद्या घालून. जपानी घरात हिवाळ्यात पाय गरम ठेवायला बुटकं टेबल असतं, खाली शेगडी आणि वर दुलई, त्याला कोतात्सु म्हणतात. जाऊबाईंच्या लग्नात आलेल्या कोतात्सुवर ते इंजिन विराजमान झालं. "मी काही बोलणार नाही," जाऊबाई म्हणाल्या, आणि तीन दिवस खरोखर बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, की टेबल पुसताना दुलईला तेल लागू देऊ नका. मग ते इंजिन सुटं होऊ लागलं. पितळी भाग चिंचेच्या पाण्यात बुडवलेले, झडपा दह्याच्या वाटीत, नटबोल्ट मिसळणाच्या डब्यात एकेका वाटीत आकारवार लावलेले. मी एकदा फोडणीला मोहरी म्हणून हात घातला आणि हातात वॉशर आले. वासाचं तर विचारूच नका. इमारतीच्या व्यवस्थापकाने अत्यंत अदबीने चिठ्ठी टाकली, की आपल्या घरी एखादा वेगळा स्वयंपाक चालू असल्यास कृपया खिडकी कोणती उघडावी याचा विचार व्हावा. भाऊजींनी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि म्हणाले, "बघ, किती संस्कारी लोक आहेत."

गणपतीच्या आदल्या दिवशी मी मोदकांसाठी गोठवलेला नारळ मागायला गेले. जाऊबाईंनी फ्रीझरचा खण ओढला, तर नारळ आणि मटार यांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत चार चकचकीत पोलादी कडी. "हे काय?" मी विचारलं. "बेअरिंग," जाऊबाई म्हणाल्या. "उद्या घालणार. थंड केली की बारीक होतात." तोवर ओव्हनची घंटा वाजली. मी म्हटलं, "केक का?" त्या म्हणाल्या, "इंजिनचा खोका. गरम केला की भोक मोठं होतं. आज तालीम आहे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आरतीच्या आधी, भाऊजींनी तो खोका ओव्हनमधून चिमट्याने काढला, गोठलेलं बेअरिंग त्याच्या तोंडाशी नेलं आणि नुसतं सोडलं. हातोडी नाही, धक्का नाही. टक. आपल्या जागी जाऊन बसलं. आम्ही तिघंही त्या भोकाकडे बघत राहिलो. मग जाऊबाई त्यांच्या सासूच्या आवाजात म्हणाल्या, "जमलं हो तुम्हाला." त्यांच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एवढी स्तुती मी पहिल्यांदा ऐकली. भाऊजींचे कान लाल झाले आणि त्यांनी आरतीला टाळ्या जरा जास्तच जोरात वाजवल्या.

नुसतं दुरुस्त करून थांबतील तर ते भाऊजी कसले! ओकासानना दोरी ओढून गाडी सुरू करता येणार नाही म्हणून बटणाचा स्टार्टर बसवला. हात गारठतील म्हणून मुठींच्या आत तापणारी तार. पाठीला आधार हवा म्हणून कुणीतरी टाकायला काढलेल्या ऑफिसच्या खुर्चीची पाठ कापून सीटला जोडली. चढायला पायरी, धरायला दांडी, औषधांचा कप्पा, आणि एक कप्पा नुसत्या चहाच्या थर्मासला. मी म्हटलं, "भाऊजी, आता न्हाणीघर तेवढं राहिलं." त्यांनी विचार करून उत्तर दिलं, "वजन वाढेल." गणपतीनंतर इंजिन परत नीगाताच्या शेडमध्ये गेलं, दर रविवारी भाऊजीही तिकडे, आणि ओकासान तिथे उकिडव्या बसून हे सगळं बघायच्या. भाऊजींना त्या मुको-सान म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे जावईबापू. "मुको-सान, चहा," म्हणून पेला पुढे करायच्या आणि बाकी काही बोलायच्या नाहीत. दोघं तासन् तास शेजारी बसायची, एक खुडबुड करत आणि एक बघत. सख्ख्या मुलाशी त्या एवढ्या वेळ बसलेल्या मी पाहिल्या नाहीत.

बर्फगाडी इथे रस्त्यावर चालवता येत नाही, मग रस्ता बर्फाखाली पुरलेला का असेना. तेव्हा फाट्यापासून घरापर्यंत शेताशेतातूनच जायला हवं, आणि वाटेत तीन शेतं दुसऱ्यांची. भाऊजी बेसनाच्या लाडवांचे तीन डबे घेऊन परवानगी मागायला निघाले. बरोबर मी. पहिल्या घरातले आजोबा म्हणाले, जा की खुशाल, तुमचे सासरेही इथूनच जायचे. पण भाऊजींना एवढं सोपं कुठलं चालायला! त्यांनी हाताने काढलेला नकाशा उलगडला, गाडी किती वेगाने जाईल, किती वाजता जाईल, बांधापासून किती हात लांब राहील, सगळं सांगितलं. आजोबा शेवटी म्हणाले, "हे गोळे फार छान आहेत. नकाशा राहू दे, हे अजून आहेत का?" तिन्ही घरांनी परवानगी दिली, आणि लाडू करायची पाळी महिनाभर माझ्यावर आली.

आता माझ्या पापाकडे येते. दसऱ्याला गाडी जुळून तयार होती. दसरा आणि यंत्राची पूजा नाही, हे भाऊजींना कसं चालणार? आम्ही सगळे वर गेलो. आपट्याची पानं नव्हती, म्हणून ओकासानच्या अंगणातल्या गिंकोच्या झाडाची अर्धवट पिवळी झालेली पानं सोनं म्हणून वाटली. गाडीच्या स्कींना हळदीकुंकू, पट्ट्याखाली लिंबू, दिव्यावर झेंडूचा हार. भाऊजींनी पुढचं झाकण उघडून ठेवलं होतं, पूजा इंजिनाची आहे, पत्र्याची नाही, असं म्हणून. ओकासाननी त्यांच्या रीतीने चिमूटभर मीठ आणि साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, चार थेंब शिंपडले. आणि मी? मी लग्नात करवलीला शोभेल अशा उत्साहाने दोन्ही मुठी भरून कुंकवाच्या अक्षता उधळल्या. छान भरभरून! हवा आत जायच्या तोंडावरची जाळीची पेटी अजून बसवायची राहिली होती, हे मला कसं कळणार? मला ते तोंड म्हणजे पूजेसाठीच ठेवलेली जागा वाटली.

बटण दाबलं. गाडी सुरू झाली! घरामागचे कावळे उडाले, ओकासाननी तोंडावर हात धरला, यांनी टाळ्या वाजवल्या. मिनिटभर धडधडली, मग खोकली, शिंकली, आणि बंद. पुन्हा सुरू होईना. भाऊजींनी कानटोपी सारखी केली आणि म्हणाले, "धरा." मला कळलं पुढे काय ते. अडीचशे किलोची ती बया आम्ही चौघांनी एका अंगावर तिरकी केली, भाऊजींनी पाच आकडे मोजले, आम्ही सरळ केली. काही नाही. दुसऱ्या अंगावर तिरकी केली. काही नाही. यांची कंबर तेवढी धरली.

त्यानंतरचे रविवार आठवले की अजून कसंसं होतं. भाऊजी ठिणगी तपासत होते, पेट्रोल तपासत होते, तारा बदलत होते. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटून बसायचे, आणि डोळे उघडले की चेहऱ्यावर काहीच नसायचं. जेवायला आमच्याकडे यायचे बंद झाले. खालच्या डोंगरांवर पांढरं दिसायला लागलं. हवामान खात्याने आठवडाअखेर मोठा बर्फ सांगितला, आणि त्याच्या आधीच्या रविवारी मेव्हणा अर्ज भरूनच घेऊन आला. फक्त ओकासानची सही राहिली होती. तो वाईट माणूस नाही हो. आईला बर्फात निळ्या टोपीवरून शोधावं लागलं, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. तो शेडच्या दारात कागद धरून उभा राहिला, ओकासान त्याच्याकडे पाठ करून बसल्या, आणि भाऊजींनी शेवटचा उपाय म्हणून हवा आत घेणारी नळी सोडवली. तिच्या मागे पातळ पाकळ्यांची झडप असते, श्वास आत घेते आणि बाहेर सोडत नाही. भाऊजींनी ती उजेडात धरली. एका पाकळीखाली, बरोबर कडेला, एक तांदळाचा दाणा अडकला होता. लालचुटूक.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे माझ्यामुळे! भाऊजींनी दाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग कागद घेऊन उभ्या असलेल्या मेव्हण्याकडे. आणि अगदी निर्विकार चेहऱ्याने जपानीत म्हणाले, "उंदीर. शेडमध्ये तांदूळ असतो ना, त्यांनीच नेला असणार आत."

"उंदीर कुंकू लावत नाहीत," जाऊबाई मराठीत म्हणाल्या.

मेव्हण्याला काही कळलं नाही. भाऊजींनी दाणा नखाने काढला, झडप बसवली, नळी बसवली, जाळीची पेटी बसवली आणि बटण दाबलं. पहिल्या फटक्यात सुरू. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, सगळे नुसते ऐकत होते. अर्धा तास ती न थांबता चालली. मेव्हण्याने कागदाची चार घड्यांची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. परत येताना आगगाडीत मी भाऊजींची माफी मागायला लागले, तर म्हणाले, "अगं, आशीर्वादच तो. जरा जास्त आत गेला इतकंच." आणि मग मला रडायला आलं.

बर्फ पडला, आणि शनिवारची व्यवस्था सुरू झाली. भाऊजी दर शनिवारी सकाळी शिंकान्सेनने, म्हणजे इथल्या वेगवान आगगाडीने, जायचे, फाट्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली गाडी काढायचे, भाजी, औषधं, रॉकेल घेऊन वर जायचे. तो ताठ बसलेला उंच माणूस कानटोपी घालून पांढऱ्या शेतातून चाललाय, हे बघायला खालच्या घरातली म्हातारी माणसं खिडकीत येऊन बसत. ओकासान घरात होत्या, घर उबदार होतं, आणि भाऊजींचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मीही गेले. जाऊबाई मागच्या आगगाडीने येणार होत्या. भाऊजींनी मला दुपारी दोनला वर सोडलं आणि जाऊबाईंना आणायला खाली गेले. अर्ध्या तासाचं काम. ते गेले आणि वाऱ्याने दिशा बदलली. खिडकीबाहेरचं पर्सिमनचं झाड आधी धूसर झालं, मग दिसेनासं झालं. फोन लागत नव्हता. तीन वाजले. ओकासान खिडकीशी जाऊन बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून. मी काहीबाही बोलत होते, त्या उत्तर देत होत्या, पण कान बाहेर. साडेतीनला उठून त्यांनी किटली शेगडीवर ठेवली. पावणेचारला उतरवली. चारला पुन्हा ठेवली. हे त्यांच्या हातांना इतकं सवयीचं होतं की त्या बघतही नव्हत्या. सव्वाचारला मला काही ऐकू यायच्या आधी त्या म्हणाल्या, "आले." आणि उठून भात गरम करायला गेल्या. मग मला तो आवाज आला.

भाऊजी आत आले ते भुवयांवर बर्फ घेऊन, हसत, आणि त्यांच्यामागून जाऊबाई. "काही नाही हो, वारा जरा थांबेपर्यंत खालच्या आजोबांकडे बसलो. जाऊन-येऊन एकदम सुरक्षित. पुढच्या खेपेला मी दिवा मोठा बसवतो." ओकासाननी सगळ्यांना वाढलं. जेवणं होत येईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "मुको-सान, मी तुमच्याबरोबर फुनाबोरीला येते. मला तिथे जागा आहे का?"

भाऊजींच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. "का पण? गाडी उत्तम चालतेय. मी वायरलेस बसवतो. मी शुक्रवारीच येत जाईन, वारा बघून येईन..." ते बोलतच राहिले. उन्हाळ्यापासून बर्फ पडेपर्यंतचा सगळा वेळ त्यांनी एवढ्याचसाठी घालवला होता, की या बाईला इथून उठावं लागू नये.

त्यांचं संपेपर्यंत ओकासान थांबल्या. "गाडी फार चांगली केलीत तुम्ही. आवाजसुद्धा अगदी तोच आहे," त्या म्हणाल्या. "पन्नास हिवाळे मी त्या खिडकीत बसून तो आवाज यायची वाट पाहिली. ते गेले तेव्हा दुःख झालंच, पण एक गोष्ट संपली होती. मला आता कुणाची वाट पाहायची नव्हती. आज पुन्हा बसले. मला आता जमत नाही ते." आणि मग, जणू माफी मागावी तशा, "तुम्ही परके असता तर जमलं असतं."

जाऊबाई उठून आईच्या मागे जाऊन बसल्या आणि तिच्या वाकलेल्या पाठीवर कपाळ टेकलं. भाऊजींनी काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. मला तेव्हा त्यांना जाऊन घट्ट धरावंसं वाटलं, पण आपल्यात तसं कुठे करतात? मी त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. जाऊबाईंना आणि मला भाऊजींनी आधी खाली पोचवलं, मग सामान आणलं, आणि शेवटच्या फेरीला ओकासानना. फाट्यावर मेव्हणा त्याची मोटार घेऊन उभा होता. आम्ही वर बघत होतो. गाडी एवढ्या सावकाश उतरत होती की मी चालत आले असते तरी लवकर पोचले असते. भाऊजी ताठ, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्या कोटाला दोन्ही हातांनी धरून ओकासान. खाली पोचल्यावर आम्ही हात द्यायला पुढे झालो, तर त्या उतरेनात. भाऊजींच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. भाऊजींनी मान हलवली, आणि गाडी वळून सासऱ्यांच्या मोठ्या शेतात गेली. एक वळसा घेतला, मग दुसरा. मग वरच्या बांधापलीकडे उतरून दिसेनाशी झाली.

मेव्हण्याने घड्याळ पाहिलं नाही. आम्ही तिघं फाट्यावर पाय आपटत उभे होतो आणि आगगाडीसाठी किती वाजता निघायचं, वाटेत कुठे जेवायचं, असलं काहीतरी बोलत होतो. आवाज दूर गेला की आमचं बोलणं आपोआप थांबायचं, आणि जवळ आला की पुन्हा सुरू व्हायचं.